मेलोसला कुणी हात लावायचा नाही

“घ्या! जिंकलं की मेलोस!” असं म्हणून आप्पांनी अशा टाळ्या वाजवल्या, की गच्चीवर वाळत ठेवलेल्या भोपळ्यांवर बसलेली कबुतरं भर्रकन उडून गेली.

यामिनी हसली नाही. आपल्या बेटावरचे काळे खडे तिने बोटाने सारखे केले आणि म्हणाली, “चाळीस डावांत दहा.”

“दहा!” मी म्हणालो. माझा आवाज जरा जास्तच वर गेला असावा, कारण धनूने माझ्याकडे रोखून पाहिलं.

मिरजेतल्या डिसेंबरच्या दुपारी होत्या त्या. तंबोऱ्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर लाटकरांचं बिऱ्हाड होतं आणि गच्ची दोघांच्या मालकीची. अर्ध्या गच्चीत दुकानदाराचे भोपळे वाळायचे आणि उरलेल्या अर्ध्या गच्चीत आमचा ग्रीस. धनूच्या आईची, काकूंची, एक जुनी निळी चादर म्हणजे समुद्र. तिच्यावर गोणपाटाचे तुकडे शिवून धनूने किनारे आणि बेटं केली होती. वारा आला की चादर पोटातून फुगायची आणि बांबूच्या काड्यांची आमची गलबतं खरोखरच डुलायला लागायची. खालून एकाच तारेचा आवाज यायचा. कारागीर ती तार पुन्हा पुन्हा छेडत राहायचा, जुळेपर्यंत. ऊन, तो आवाज आणि पोटात काकूंच्या हातची भाकरी. डाव चालू असताना कितीतरी वेळा माझे डोळे अर्धवट मिटायचे आणि अडीच हजार वर्षांपूर्वीचं पाणी समोर हलताना दिसायचं. त्यात यामिनी बसलेली असायची, गुडघ्यावर हनुवटी टेकून. मला वाटायचं, हा डाव संपूच नये.

धनू, म्हणजे धनंजय लाटकर, माझा पाचवीपासूनचा मित्र. त्याचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. आयुष्यात ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ याखेरीज काहीतरी छापावं, ही त्याची फार इच्छा. यामिनी त्याची धाकटी बहीण, मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. आप्पा त्यांचे वडील, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. आणि मी श्रीरंग, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारा. ग्रीसच्या लढायांवर एक पटावरचा खेळ करायचा, ही कल्पना यामिनीची, पट आणि सोंगट्या धनूच्या, आकडेमोड माझी. पुण्याचा एक प्रकाशक मे महिन्याच्या सुट्टीसाठी तो काढायला तयार होता. फक्त संक्रांतीपर्यंत त्याच्या हातात पडायला हवा होता.

खेळात चार नगरराज्यं. अथेन्सकडे गलबतं भरपूर, पण धान्य बाहेरून आणायचं. स्पार्टाचं पायदळ कुणाला ऐकायचं नाही, पण ते फार दिवस घराबाहेर राहिलं की मागे गुलाम उठाव करायचे. कॉरिंथ दोन समुद्रांच्या मधे बसलेलं. त्याला आपली गलबतं जमिनीवरून ओढून पलीकडच्या पाण्यात टाकता यायची. आप्पांना हे ओढणं इतकं आवडायचं, की गरज नसताना ते गलबतं ओढत बसायचे. “शंटिंग करतोय,” म्हणायचे. आणि चौथं मेलोस. वीतभर बेट, बकऱ्या आणि काचेसारखा काळा दगड, बस्स. इतिहासात अथेन्सने वेढा घालून ते पार पुसून टाकलं.

“अगं, त्यापेक्षा क्रीट घे की,” धनू तिला सुरुवातीलाच म्हणाला होता. “मोठं आहे, डोंगर आहेत.”

“मेलोस नसेल तर मी नाही,” ती म्हणाली. विषय संपला. मेलोस तिचं, अथेन्स धनूचं, कॉरिंथ आप्पांचं आणि स्पार्टा माझं.

आता खेळ समतोल आहे असं केव्हा म्हणायचं? सारख्याच हुशारीची चार माणसं खेळली, तर प्रत्येक बाजू चारातून एकदा जिंकायला हवी. पहिल्या पन्नास डावांत मेलोस जिंकलं तीनदा. मी मग एक नियम केला. मेलोसवर अपोलोचं देऊळ आहे असं धरायचं आणि पहिल्या आठ फेऱ्यांत त्या बेटाला कुणी हात लावायचा नाही. इतिहासात असं काही नव्हतं. देऊळ मीच बांधलं. पण काय सांगू, आकडे असे जुळून आले! पुढच्या चाळीस डावांत अथेन्स अकरा, कॉरिंथ दहा, स्पार्टा नऊ आणि मेलोस दहा. असे आकडे वर्गात फळ्यावर लिहिले असते, तर पोरं म्हणाली असती, सर, हे उत्तर आधी ठरवून केलंय.

मला आनंद व्हायचं कारण निराळंही होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. मला यामिनीला मागणी घालायची होती. वर्षभर मी ते पोटात घेऊन फिरत होतो. खेळ पुरा होऊ दे, मेलोस ताठ उभं राहू दे, ती खूश असेल त्या दिवशी विचारायचं, असं मी मनाशी बांधलं होतं. चाळिसावा डाव संपला तेव्हा मला वाटलं, घोडामैदान जवळ आलं. येता रविवार ठरला.

“हा संच मी नेते चार दिवस,” यामिनी डबा आवरताना म्हणाली. “वसतिगृहातल्या मुलींना खेळायला देते.”

“कशाला आता?” मी म्हणालो. “झालं की सगळं.”

“आपणच चौघं खेळतोय नव्वद डाव. जरा परकी माणसं बघू देत.”

ती डबा काखेत मारून निघाली. खालून काकूंचा आवाज आला, “यामे, जिना हळू उतर गं!” ती नऊ वर्षांची असताना मुंबईला तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. जन्मापासून छिद्र होतं, ते बुजवलं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की पोरगी आता ठणठणीत आहे. ती आता एकोणतीस वर्षांची होती, शाळेच्या मुलींना घेऊन गड चढायची. पण काकूंच्या लेखी तो जिना अजून तसाच उंच होता.

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. धनू म्हणाला, “काय रे रंग्या, कुणाच्या लग्नाला?” मी काहीतरी पुटपुटलो. आप्पा गच्चीत चादरीच्या सुरकुत्या काढत बसले होते. वारा पडला होता. समुद्र कधी नव्हे तो सपाट होता.

यामिनी वर आली ती धाडधाड, एकेक पायरी गाळत. तिने डबा चादरीच्या मधोमध ठेवला.

“सहा डाव झाले,” ती म्हणाली. “सहाही वेळा मेलोस गेलं. आणि माहितीये कधी? नवव्या फेरीत. एकदाही दहावी बघितली नाही त्या बेटाने.”

“म्हणजे?” धनू म्हणाला.

“म्हणजे नववीतल्या पोरी आहेत त्या, खुळ्या नाहीत. सातवी फेरी आली की तिघी आपापली गलबतं आणून बेटाभोवती उभी करतात आणि वाट बघतात. आठवी संपली, देवाचं कवच गेलं, की आधी मेलोस खाऊन टाकायचं. फुकटचं बंदर! जी मेलोस घेते ती तासभर बकऱ्या मोजते आणि मग घरी जाते. काल तर मेलोस घ्यायला कुणी तयारच होईना. चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.”

“त्यांना खेळ कळला नसेल नीट,” मी म्हणालो. नाचता येईना आणि अंगण वाकडं, तसलाच प्रकार. पण त्या क्षणी मला ते खरं वाटलं.

तिने डब्यातून माझी वही काढली. प्रत्येक डावाची प्रत्येक चाल मी त्यात लिहीत असे, संख्याशास्त्रवाल्याचा रोग.

“मी ही काल वाचली,” ती म्हणाली. “चाळीस डाव. चाळीस वेळा नववी फेरी आली. त्या चाळीस डावांत एकदाही, एकदाही, तुमच्यापैकी कुणी मेलोसवर उतरलेलं नाही. का?”

तिने वही आप्पांपुढे धरली.

“आप्पा?”

“मला तिकडं कामच नव्हतं बाळा,” आप्पा म्हणाले. “मी आपला शंटिंगमध्ये...”

“दादा?”

“जमलं नसेल,” धनू म्हणाला. “लक्षात नाही गं.”

“आणि श्रीरंग, तू. सतरावा डाव काढ. स्पार्टाची नऊ गलबतं मेलोसच्या शेजारी उभी आहेत. जिंकायला तुला एक बंदर हवंय. माझ्याकडे दोन गलबतं आहेत, आणि बकऱ्या. आणि तू काय केलंस? वळसा घालून क्रीटला गेलास आणि वाटेत वादळात बुडालास. गणित शिकवतोस ना तू?”

मी वहीत पाहिलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘स्पार्टा क्रीटकडे.’ मला तो डाव आठवत होता. मी मुद्दाम हरलो नव्हतो, हे देवाशपथ सांगतो. क्रीटला जाणंच मला त्या वेळी शहाणपणाचं वाटलं होतं. मेलोस घेता येईल, हे मनातच आलं नव्हतं. तेच तर भयंकर होतं. आम्ही तिघांनी, एकमेकांना एका शब्दानं न सांगता, चाळीस डाव त्या बेटाला वळसे घातले होते आणि मी त्याचं गणित मांडून त्याला समतोल म्हणत होतो.

“तुम्ही मला लिंबूटिंबू केलंत,” यामिनी म्हणाली.

आप्पांनी मान खाली घातली. हा शब्द मिरजेत काय, कुठल्याही गल्लीत काय, पोरांना समजावून सांगावा लागत नाही. खेळायला घ्यायचं, पण धरायचं नाही. लिंबूटिंबूला कुणी आउट करत नाही आणि त्याच्यावर कधी राज्य येत नाही.

“आम्ही तुझ्याच चांगल्यासाठी...” धनू म्हणू लागला.

“डबा ऐसपैस आठवतंय का रे तुला?” तिने विचारलं, पण बघत होती माझ्याकडे. “ऑपरेशननंतरची दिवाळीची सुट्टी. राज्य श्रीरंगवर होतं. मी खाली दुकानात, भोपळ्यांच्या मांडणीच्या मागे लपले होते. इतकी छान जागा होती ती! कुणाला सापडलेच नसते. मी श्वास धरून बसले होते. अंधार पडला तरी कुणी आलं नाही. मला वाटलं, मी जिंकले. बाहेर आले तर गल्लीत कुणीच नव्हतं. खेळ कधीच संपला होता आणि सगळे जेवायला गेले होते. तू मला शोधलंच नव्हतंस, श्रीरंग. धरायचीच नाही तर शोधायची कशाला?”

मला ती दिवाळी आठवत होती. त्या मांडणीच्या खालून तिच्या परकराची हिरवी कड दिसली होती, हेही आठवत होतं. काकूंनी आम्हाला बजावलं होतं, तिला पळवू नका. मी कड पाहिली आणि दुसरीकडे वळलो. मोठ्ठं पुण्य केल्यासारखं वाटलं होतं मला. हे मी तिला सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय.

खाली तार छेडली जात होती. आप्पांनी नाक पुसलं आणि म्हणाले, “बरं, मग आता काय करायचं म्हणतेस? संक्रांत पंधरा दिवसांवर आली.”

“देऊळ पाडायचं,” यामिनी म्हणाली.

“मग पहिल्याच फेरीत मेलोस जाईल,” मी म्हणालो. “पन्नासात तीन!”

“जाऊ दे की. जाणारच आहे ते. पण शहर पडलं म्हणजे डाव का संपावा? माणसं गलबतांवर चढतील. आता बघ हं. अथेन्सला भिंती राखायच्या, धान्य राखायचं. स्पार्टाला घरी गुलामांची धास्ती. कॉरिंथला ती ओढायची वाट सोडता येत नाही. सगळ्यांना मागं वळून बघावं लागतं. ज्याचं शहरच गेलं त्याला कशाची राखण? त्याची गलबतं प्रत्येक फेरीला एक घर जास्त जातील. त्याला वेढा कशाला घालणार? रिकाम्या बंदरात ते उतरलं की बंदर त्याचं. मेलोसला वाचवू नका. मेलोस जाळायचं की ठेवायचं, याची भीती तुम्हाला वाटू दे.”

मी पेन्सिल घेतली. पंधरा मिनिटं मी गणित करत होतो. नव्वद डाव मी त्या बेटाला काय द्यावं, काय द्यावं, असा विचार केला होता. तिने त्याला काहीच दिलं नव्हतं. होतं तेही काढून घेतलं होतं. आणि काटा बरोबर मधे येत होता.

“मांडा,” ती म्हणाली. “आणि श्रीरंग, खरा खेळ.”

तो डाव मी कधी विसरणार नाही. ऊन कलायला लागलं होतं, भोपळ्यांच्या सावल्या लांब होऊन समुद्रावर आल्या होत्या आणि आम्ही सगळे जणू झोपेत हळूहळू चालत होतो. पाचव्या फेरीत माझं पायदळ मेलोससमोर आलं. देऊळ बांधल्यापासून पहिल्यांदाच मी त्या गोणपाटाच्या तुकड्यावर माझी सोंगटी ठेवली.

“उतरलो,” मी म्हणालो. “वेढा.”

“घाल,” ती म्हणाली.

दोन फेऱ्यांत बेट पडलं. मी एकेक काळा खडा उचलून माझ्या बाजूला ठेवला. आप्पांना ते बघवेना, ते भोपळ्यांकडे तोंड करून बसले. मी यामिनीकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती चिडेल, किंवा तोंड एवढंसं होईल. ती पुढे सरकून बसली होती, गाल लाल झाले होते, आणि डोळ्यांत अशी चमक, जशी मी तिला ओळखायला लागल्यापासून कधीच पाहिली नव्हती. तिने तीन उरलेली गलबतं उचलली आणि चादरीच्या मधोमध, भर पाण्यात नेऊन ठेवली.

मग तिने आमची जी पळापळ केली! आप्पांची ओढायची वाट मोकळी दिसली की ती तिथे. धनूच्या धान्याच्या जहाजांवर ती. मी गुलामांचा उठाव मोडायला घरी वळलो की माझं मागचं बंदर गेलंच. “अगं थांब की जरा, म्हातारा आहे मी!” आप्पा ओरडत होते आणि पोट धरून हसत होते. विसाव्या, शेवटच्या फेरीला बंदरांची मोजदाद झाली. स्पार्टा सहा बंदरं, मेलोस पाच. एका बंदराने मी जिंकलो.

“हरले!” यामिनी म्हणाली. दोन्ही हात वर करून, चक्क ओरडून. “हरले मी!” खालची तार थांबली. दुकानातून कुणीतरी विचारलं, काय झालं?

तो खेळ निघाला. फार गाजला नाही, पण दोन आवृत्त्या झाल्या. अजूनही एखादं पत्र येतं, की मेलोस भलतंच जोरदार आहे, जरा कमी करा. मी कमी केलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. आप्पा आणि धनू चहाला खाली गेले. मी सोंगट्या डब्यात भरत होतो आणि ती चादर गोळा करत होती. तिचा चेहरा अजून लाल होता. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

“यामिनी, मला तुझ्याशी लग्न करायचंय,” मी म्हणालो. वर्षभर घोटून ठेवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. “लगेच सांगू नकोस. आठ-पंधरा दिवस घे. आणि नाही म्हणायचं असलं तर... जरा बेताने सांग.”

तिने चादर खाली ठेवली. माझ्या समोर येऊन बसली, मघाशी डावाला बसली होती तशीच.

“पंधरा दिवस नकोत मला,” ती म्हणाली. “नाही, श्रीरंग. घरच्यांमुळे नाही, तब्येतीमुळे नाही, दुसरा कुणी आहे म्हणूनही नाही. तुझ्याबद्दल मला तसं वाटत नाही. पुढे वाटेल असंही मला वाटत नाही.”

मी बराच वेळ डब्यातल्या सोंगट्या उगाच खालीवर करत होतो. मग म्हणालो, “थोडं गोड करून सांगता आलं असतं की.”

“आलं असतं. ‘बघू’ म्हणाले असते, ‘आईला विचारते’ म्हणाले असते. तू दोन वर्षं वळसे घालत बसला असतास. आज तू मला खरं हरवलंस. मी तुला खोटं कसं सांगू?”

मला रडू आलं. एकतीस-बत्तीस वर्षांचा बाप्या, इस्त्रीचा शर्ट घालून मी भोपळ्यांच्या मधे बसून लहान पोरासारखा रडलो. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, ‘आपण मित्र राहू’ म्हणाली नाही, पाणी आणायलासुद्धा उठली नाही. तोंड मात्र फिरवलं नाही. माझं होईपर्यंत ती माझ्याकडे बघत समोर बसून राहिली.